इंजिनाच्या लॉगमधली कुठली ओळ खरी मानायची?

लॅपटॉपवर लॉग, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने चालत्या गाडीत केलेली नोंद, उघडला की त्यातली एक ओळ साधारण अशी दिसते: वेळ ४१२.६ सेकंद. आरपीएम २८४०. मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतला) दाब ५२ किलोपास्कल. थ्रॉटल (हवेची झडप) १८ टक्के उघडा. पाण्याचं तापमान ८६ अंश, आत येणाऱ्या हवेचं ४७. बॅटरी १३.६ व्होल्ट. इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) ४.२ मिलिसेकंद उघडा. लॅम्डा १.०८.

सेकंदाला अशा पंधरा-वीस ओळी पडतात. दहा मिनिटं गाडी चालवली की दहाएक हजार ओळी जमतात. शेवटचा आकडा, लॅम्डा, हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा. तो सांगतो की मिश्रण आठ टक्के लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. नवशिका माणूस लगेच कॉम्प्युटरमधलं मापांचं टेबल उघडतो, त्या जागी आठ टक्के पेट्रोल वाढवतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. मीही पहिले काही महिने हेच करत होतो. टेबलात आकडा बदलायला दोन सेकंद लागतात. ही ओळ विश्वास ठेवण्याजोगी आहे का, हे ठरवायला मात्र शिकावं लागतं, आणि ट्यूनिंगमधलं, म्हणजे ही मापं बसवण्याच्या कामातलं, बहुतेक सगळं शिक्षण तेवढंच आहे.

आधी गाडीबद्दल. माझ्याकडे जुनी १.३ लिटरची मारुती आहे, जी१३बी घराण्यातलं १६ व्हॉल्व्हचं इंजिन असलेली. एस्टीम आणि जिप्सीवाल्यांना हे इंजिन नीट ठाऊक असतं. गाडी फक्त ऑटोक्रॉस (मैदानावरची, घड्याळाविरुद्धची शर्यत) आणि ट्रॅकसाठी, ने-आण ट्रकवर घालून. हे मुद्दाम सांगतोय, कारण रोजच्या रस्त्यावरच्या गाडीत असले बदल करणं हा वेगळा मामला आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दलच आहे, आणि पीयूसीची अट आहेच. शिकायचं असेल तर मोकळं मैदान, ट्रॅक किंवा रोलर्सवर गाडी चालवून बघता येते तो डायनो, हीच जागा.

कंपनीचा कॉम्प्युटर काढून मी स्पीडुइनो बसवला. ऑस्ट्रेलियातल्या जॉश स्ट्युअर्ट यांनी आर्डुइनो मेगा २५६० या स्वस्त बोर्डावर उभा केलेला हा ओपन सोर्स इंजिन-कॉम्प्युटर. त्याच्याही आधी, २००१ च्या सुमाराला, अमेरिकेत ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट आणला होता. हौशी लोकांना इंजिनाच्या पोटात डोकावण्याचा रस्ता त्यांनीच खुला केला. दोन्हींसाठी लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ चालतं आणि लॉग वाचायला मेगालॉगव्ह्यूअर. तुमच्याकडे दुसरं काही असेल तरी पुढचं गणित बदलत नाही.

हे गणित फार लहान वस्तूंचं आहे. १२९८ सीसीला चारने भागलं की एका सिलिंडरच्या वाट्याला ३२५ सीसी येतात. २५ अंश तापमानाच्या, समुद्रसपाटीच्या दाबाच्या हवेने तो काठोकाठ भरला तर आत साधारण ०.३८ ग्रॅम हवा मावते. तेवढी हवा पूर्ण वापरली जाईल असं पेट्रोल लागतं सुमारे २६ मिलिग्रॅम. ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा एक थेंब ५० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे पूर्ण दमाने ओढणाऱ्या इंजिनाच्या एका स्ट्रोकला अर्धा थेंब, आणि शांतपणे चाललेल्या गाडीला त्याचाही चौथा हिस्सा. सहा हजार आरपीएमला हे माप प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला ५० वेळा टाकायचं असतं. पहिल्यांदा हा हिशोब केला तेव्हा मी बराच वेळ त्या इंजेक्टरकडे बघत बसलो होतो.

आता हवा तोलायला कॉम्प्युटरकडे तराजू नाही. काही गाड्यांत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर असतो. माझ्या गाडीत नाही. कॉम्प्युटरला कळतं फक्त दाब आणि तापमान. बारावीच्या फिजिक्समधलं पीव्ही बरोबर एनआरटी वापरून तो म्हणतो: एवढ्या दाबाची, एवढी गरम हवा ३२५ सीसीच्या डब्यात भरली तर वजन इतकं. पण डबा खरंच भरला का? हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणाऱ्या तक्त्याला व्हीई टेबल म्हणतात. व्हीई म्हणजे व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी, सिलिंडर किती टक्के भरला तो आकडा. लोक याला फ्युएल टेबल म्हणतात, पण खरं तर ते हवेचं टेबल आहे. पेट्रोल किती हवं ते लॅम्डाच्या दुसऱ्या टेबलात लिहिलेलं असतं.

सिलिंडर दर वेळी सारखा का भरत नाही हे समजायला मुंबईची लोकल डोळ्यांपुढे आणा. गाडी फलाटावर जेमतेम थांबते, तेवढ्यात माणसं आत शिरतात. फारच घाईत निघाली तर निम्मी फलाटावरच राहतात. इंजिनाचं वरच्या आरपीएमला तेच होतं, हवा शिरेपर्यंत व्हॉल्व्ह बंद. पण गर्दीला एक रेटा असतो. मागची माणसं ढकलत असतात, त्यामुळे गाडी हलली तरी चार जण आत येतातच. हवेलाही असा रेटा असतो, आणि ज्या आरपीएमला तो व्हॉल्व्हच्या वेळेशी नेमका जुळतो तिथे सिलिंडर सगळ्यात जास्त भरतो. या इंजिनात ती जागा साडेचार हजारांच्या आसपास, टॉर्क जिथे सर्वाधिक मिळतो तिथेच. म्हणून चांगलं व्हीई टेबल त्रिमितीत बघितलं तर गुळगुळीत टेकडीसारखं दिसतं. मधेच खड्डा किंवा सुळका दिसला तर इंजिनात काही अद्भुत चाललंय असं समजू नका. शंभरातल्या नव्वद वेळा कुणीतरी चुकीच्या ओळीवर विश्वास ठेवलेला असतो.

स्पीडुइनोचं टेबल १६ बाय १६ घरांचं आहे: आडवे आरपीएम, उभा दाब, एकूण २५६ घरं. इंजिन नेमकं एका घरात क्वचितच बसतं. ते २२५० आरपीएम आणि ४७ किलोपास्कलवर असेल तर २०००, २५००, ४० आणि ५० यांच्या चौकातल्या चारही घरांतून, जवळ-लांबच्या प्रमाणात, आकडा काढला जातो. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

आता लॅम्डा. सायलेन्सरच्या पाइपात, इंजिनाजवळ, वाइडबँड सेन्सर बसवतात. बहुतेक किटमध्ये बॉशचा एलएसयू ४.९ असतो. गाडीसोबत येणारा साधा नॅरोबँड सेन्सर फक्त लीन की रिच एवढंच सांगतो, कितीने ते नाही, म्हणून तो या कामाचा नाही. लॅम्डा १ म्हणजे हवा आणि पेट्रोल एकमेकांना पुरेपूर. १.०८ म्हणजे आठ टक्के हवा जास्त. ०.८७ म्हणजे पेट्रोल जास्त, रिच.

आणि इथे ती गोष्ट आहे जी मला कुणी पहिल्या दिवशी सांगायला हवी होती. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, धुरात उरलेल्या ऑक्सिजनचा अंदाज घेतो. पेट्रोलबद्दल तो जे बोलतो ते सगळं त्यावरून बांधलेलं असतं. त्यामुळे जळलं नाही असं काहीही घडलं, की तो हवा जास्त झाली असं सांगतो.

माझ्या गाडीत पाच हजारांच्या वर लॉग लीन दाखवायला लागला. १.०५, मग १.१०. मी पेट्रोल वाढवलं. पुढच्या फेरीत १.१२. पुन्हा वाढवलं. तीन दिवसांत त्या कोपऱ्यातले आकडे टेकडी सोडून मनोऱ्यासारखे उभे राहिले, आणि गाडी वर ओढायचं नाव घेईना. शेवटी ज्यांच्या गॅरेजमध्ये मी काम करत होतो त्या मिस्त्रीकाकांनी हातातला पाना खाली ठेवला.

“लॅपटॉप मिट आधी. प्लग काढ चारही.”

तीन प्लग काळे पडले होते, रिच झाल्याची काजळी. चौथा ओला होता, पेट्रोलचा वास येत होता. त्याची वायर वरच्या आरपीएमला दगा देत होती, सिलिंडर मिसिंग मारत होता. न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेली हवा तशीच सायलेन्सरमध्ये जात होती. सेन्सरला ती हवा दिसली, त्याने लीन सांगितलं, आणि मी उरलेल्या तीन सिलिंडरांना पेट्रोलने बुडवत होतो. काका म्हणाले, “मशीन खोटं बोललं नाही बाळा. तू त्याला जे विचारलंस ते त्याला माहीतच नव्हतं.” वायर बदलली, जुनं टेबल परत घातलं, आणि ते मुळातच बरोबर निघालं.

तेव्हापासून लीन दिसलं की मी आधी इंजिन तपासतो. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टचं गॅस्केट फुटलेलं असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन मंद चालू असताना, लॉग हमखास लीन दाखवतो. वरच्या आरपीएमला लॅम्डा हळूहळू चढत जात असेल आणि टेबल वाढवूनही हलत नसेल तर फ्युएल पंप किंवा फिल्टर पुरा पडत नाही. असले दोष टेबलात पेट्रोल ओतून झाकायचे नसतात.

दुसरी अडचण उशिराची. वीज आधी दिसते, गडगडाट नंतर ऐकू येतो, तसं आहे. आरपीएम आणि दाब त्याच क्षणाचे असतात, पण लॅम्डा त्या धुराचा असतो जो थोड्या वेळापूर्वी सिलिंडरमधून निघून पाइपातून सेन्सरपर्यंत पोचला. आयडलला हा उशीर पाव सेकंदाच्या घरात जातो, म्हणजे चार-पाच ओळींचा फरक. वरच्या आरपीएमला तो अगदी थोडा उरतो. थ्रॉटल स्थिर असेल तर काही बिघडत नाही. पण पाय हलत असेल तर एका घरातल्या मिश्रणाचा दोष दुसऱ्याच घराच्या माथी जातो.

पाय झटकन दाबला की अजून एक गोष्ट होते. इंजेक्टरने टाकलेलं थोडं पेट्रोल मॅनिफोल्डच्या भिंतीला चिकटून राहतं, आणि क्षणभर मिश्रण लीन होतं. त्याची भरपाई ॲक्सिलरेशन एनरिचमेंट या वेगळ्या सेटिंगमध्ये करायची असते, व्हीई टेबलात नाही. आणि पाय पूर्ण सोडला की कॉम्प्युटर पेट्रोल बंदच करतो. तेव्हा सेन्सरला नुसती हवा दिसते. अशा दहा ओळी सरासरीत शिरल्या तर त्या घराचा सत्यानाश.

म्हणून लॉग वाचण्याआधी चाळणी लावायची. पाणी ८० अंशांच्या खालचं असेल त्या ओळी बाद, कारण गार इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी वेगळी सोय तेव्हा चालू असते. थ्रॉटल वेगाने हलत असेल त्या बाद. पेट्रोल बंद असलेल्या बाद. दहा हजारांतल्या तीन हजार ओळी उरल्या तरी वाईट वाटून घेऊ नका. उलट, ज्या घरात दोन-चारच ओळी पडल्यात त्यालाही हात लावू नका. शेजारच्या घरांकडे बघून उतार सारखा करा.

चाळणीच्याही आधी तीन गोष्टी बघायच्या. लॅम्डाप्रमाणे आपोआप पेट्रोल कमी-जास्त करणारं करेक्शन शिकण्याच्या काळात बंद ठेवा. नाहीतर कॉम्प्युटर गुपचूप चूक सावरतो आणि लॉगमध्ये सगळं छान दिसतं. दुसरं, सेन्सरच्या डायलवरचा आकडा आणि लॉगमधला आकडा एकच आहे का ते बघा. डायल ते कॉम्प्युटर हा निरोप व्होल्टमध्ये जातो, आणि अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी केली असेल तर एक दशांश व्होल्टचा फरक सहज पडतो. ० ते ५ व्होल्ट म्हणजे १० ते २० असं माप असेल तर तेवढ्याने हवा-पेट्रोलचं गुणोत्तर ०.२ ने चुकतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते: इंजेक्टरचा डेड टाइम. करंट दिल्यावर इंजेक्टर लगेच उघडत नाही, त्याला साधारण एक मिलिसेकंद लागतो, आणि बॅटरीचे व्होल्ट उतरले की आणखी जास्त. समजा इंजेक्टर मिनिटाला २०० सीसी टाकणारा आहे. फुल थ्रॉटलला त्या अर्ध्या थेंबासाठी त्याला दहाएक मिलिसेकंद लागतात. डेड टाइममध्ये ०.२ ची चूक झाली तर ती दोन टक्के. आयडलला मात्र खरं पेट्रोल जातं जेमतेम १.६ मिलिसेकंद. तिथे तीच ०.२ ची चूक बारा टक्क्यांवर जाते. रेडिएटरचा फॅन लागला, हेडलाइट लावले, आणि गाडी आयडलला झटके द्यायला लागली तर बहुतेक वेळा कारण हे असतं. लोक अशा वेळी आयडलची घरं बदलत बसतात. रात्री जमवलं की दिवसा बिघडतं, दिवसा जमवलं की रात्री.

एवढं झालं की खरी दुरुस्ती एका ओळीची आहे. जुना आकडा गुणिले मोजलेला लॅम्डा भागिले हवा असलेला लॅम्डा. घरात ६४ आहे, मोजला १.०८, हवा होता १, तर नवा आकडा ६९. पहिल्या फेरीत मी पूर्ण दुरुस्ती घालतो, पुढच्या फेऱ्यांत निम्मी. ट्यूनरस्टुडिओ आणि मेगालॉगव्ह्यूअर हे काम आपोआपही करून देतात, आणि चांगलं देतात. पण पहिली दोनेक टेबलं हाताने करा. कुठलं घर का बदललं हे आठवत असलं की पुढची चूक लवकर सापडते.

फुल थ्रॉटलचं काम सगळ्यात शेवटी, आणि तेही जपून. मध्यम वेगात लीन झालं तर गाडी फक्त झटके खाते. पूर्ण लोडवर लीन झालं तर सिलिंडरमधली उष्णता वाढते, इंजिन नॉक करतं, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटून ठोके पडतात, आणि पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणून टेबलातल्या पूर्ण लोडच्या ओळी मुद्दाम रिच भरून सुरुवात करायची आणि हळूहळू खाली यायचं. टर्बो नसलेल्या अशा इंजिनाला जोर मिळतो तो ०.८६ ते ०.८८ लॅम्डाच्या आसपास. ०.९५ च्या वर आकडा दिसला की तिथल्या तिथे पाय काढायचा, लॉग नंतर वाचायचा. गाडी चालवणारा एक आणि लॅपटॉप बघणारा दुसरा, याला पर्याय नाही. इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, या काळात सौम्यच ठेवा.

आकडे लॅम्डातच का वाचायचे, हे आपल्याकडे आता आणखी महत्त्वाचं झालंय. बरेच डायल १४.७ हा आकडा दाखवतात, शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग. पण पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉलला साधारण नऊच भाग हवा पुरते. मिश्रणाचं गुणोत्तर त्यामुळे १३.५ च्या जवळ येतं. डायल मात्र लॅम्डाला डोळे झाकून १४.७ ने गुणत राहतो. लॅम्डा १ हा कुठल्याही इंधनाला १ च असतो. शुद्ध पेट्रोलवर बसवलेलं टेबल ई२० वर, काहीही न बदलता, सात-आठ टक्के लीन चालेल. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांना हा फरक जेट बदलल्याशिवाय भरून काढता येत नाही.

आता ते चार घरांचं. माझं टेबल पुण्यात बसवलेलं. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे थ्रॉटल पूर्ण उघडला तरी मॅनिफोल्डमधला दाब ९५ च्या पुढे जात नाही. माझ्या टेबलात ओळी होत्या ९० आणि १०० च्या. ऑटोक्रॉसमध्ये पाय एकतर पूर्ण दाबलेला असतो किंवा बराच सोडलेला, त्यामुळे नेमक्या ९० वर ओळी पडायच्याच नाहीत. साडेचार हजार आरपीएमला ९० च्या घरात मी अंदाजाने ८८ भरले होते. इंजिनाला ९५ वर हवे होते ८४. सॉफ्टवेअरने लॉग बघितला आणि सरासरी जुळावी म्हणून १०० चं घर खाली ओढत ८० वर नेलं. ८८ आणि ८० यांच्या मधोमध ८४. लॉगमध्ये लॅम्डा ०.८७, अगदी हवा तसा. दोन्ही घरं चुकीची होती आणि एकही ओळ तसं सांगत नव्हती.

मग गाडी ट्रकवर घालून घाट उतरवली, मुंबईकडच्या एका मैदानावर. तिथे दाब सरळ १०० झाला आणि इंजिन त्या ८० च्या घरात जाऊन बसलं. लॅम्डा ०.९२. नॉक होण्याआधी मित्राने ओरडून सांगितलं आणि मी पाय काढला.

पुण्याला परत आल्यावर डायनोवर थ्रॉटल जरा आवळून दाब ९० वर धरून ठेवला, अर्धा-अर्धा मिनिट, आरपीएमच्या प्रत्येक टप्प्याला. ९० चं घर ८३ निघालं. मग थ्रॉटल पूर्ण उघडून १०० चं घर ८५ ठरलं. पुढच्या वेळी पुन्हा घाट उतरलो तेव्हा लॉगमध्ये ओळ होती: वेळ ९८.२ सेकंद. आरपीएम ४४८०. दाब १००. थ्रॉटल पूर्ण, हललेला नाही. पाणी ८८ अंश. लॅम्डा ०.८७.